सहावे टेबल

आमच्या बडोद्याच्या ऑफिसात सहा टेबले आहेत आणि हिशेबाने पाच पुरतात. आम्ही नऊजण आहोत. प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचे, मंगळवारी सगळ्यांनी एकत्र यायचे आणि उरलेले दोन दिवस आपसांत ठरवून वाटून घ्यायचे, असा आमचा नियम आहे. मंगळवारी जास्तीच्या तिघांसाठी बाहेरच्या मोठ्या दालनात एका दिवसाचे पास काढतो. बाकीच्या चार दिवसांत मिळून अठरा हजेऱ्या होतात, म्हणजे कोणत्याही दिवशी चार किंवा फार तर पाच माणसे खोलीत असतात. पहिल्याच तिमाहीत पुण्यातल्या मुख्य ऑफिसच्या हिशेब विभागाने हे गणित मांडून सरळ विचारले, की सहावे टेबल कशासाठी. मी उत्तरात एकच ओळ लिहिली : पुण्याहून येणाऱ्यासाठी. तोवर पुण्याहून कोणीही आलेले नव्हते, आणि पुढे कित्येक महिने कोणी येणारही नव्हते.

ऑफिस म्हणजे अलकापुरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या को-वर्किंग जागेतली, म्हणजे अनेकांनी टेबलाप्रमाणे भाड्याने घ्यायच्या सामाईक जागेतली, एक काचेची खोली. त्या मजल्यावर एक सनदी लेखापाल बसतात, परदेशी शिक्षणाचे अर्ज भरून देणारे दोघे भाऊ बसतात, एक वास्तुरचनाकार बाई बसतात आणि सुरतच्या एका कापडकंपनीची तीन माणसे बसतात. आमच्या दारावर सुरुवातीला साध्या कागदावर छापलेले कंपनीचे नाव चिकटपट्टीने लावलेले होते. वातानुकूलनाच्या गारव्याने त्या पट्टीचे कोपरे दर पंधरा दिवसांनी सुटायचे आणि जो सकाळी पहिला येईल तो ते अंगठ्याने दाबून बसवायचा. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते. त्या कागदाची एवढी काळजी आम्हाला का वाटत होती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि हा लेख बऱ्याच अंशी त्याबद्दलच आहे.

मार्च २०२० मध्ये पुण्याचे ऑफिस बंद झाले आणि मी लॅपटॉप घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात परत आले. सुरुवातीचे काही महिने ते सुटीवर घरी आल्यासारखे वाटले. नंतर माजघरातला एक कोपरा कायमचा माझ्या कामाचा झाला आणि सगळे घर त्या कोपऱ्याभोवती दबकून वागू लागले. सासूबाई कुकर लावण्याआधी दारातून खुणेने विचारायच्या, की आता शिटी झाली तर चालेल का. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांना माझी परवानगी लागावी, याचे मला फार वाईट वाटे, पण समोरच्या पडद्यावर बारा चेहरे असत आणि मी मान हलवून 'थांबा' म्हणत असे. आमच्या गटातली सर्वांत धाकटी मुलगी पादऱ्याची आहे. तिच्या घरी दोन खोल्या आणि सहा माणसे. ती कॉल घेण्यासाठी गच्चीवर जायची आणि उन्हाळ्यात डोक्यावर छत्री धरून बोलायची. तिच्या बोलण्यामागे कावळ्यांचा आवाज येतो, एवढेच पुण्यातल्या लोकांना तिच्याबद्दल ठाऊक होते.

२०२३ च्या जूनमध्ये पत्र आले, की सर्वांनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात बसून काम करावे. पुण्यात राहणाऱ्यांसाठी तो रहदारीचा प्रश्न होता, आमच्यासाठी संसार हलवण्याचा. बडोद्याच्या अकरांपैकी दोघांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. उरलेल्या नऊजणांनी एक टिपण लिहून पाठवले, आणि त्यातला मुद्दा असा होता, की तुम्हाला आम्ही एकत्र बसून काम करायला हवे असेल तर ते रास्तच आहे, परंतु एकत्र बसण्यासाठी सर्वांनी पुण्यातच बसले पाहिजे असे नाही. स्वतंत्र कचेरी भाड्याने घ्यायची तर तीन वर्षांचा करार, फर्निचर, जनरेटर, पहारेकरी, झाडलोट, असा सगळा पसारा नऊ माणसांसाठी उभा करायला कंपनी तयार होणार नव्हती, हे आम्ही जाणून होतो. को-वर्किंगमध्ये हा पसारा जागेच्या मालकाचा असतो. आपण टेबलाप्रमाणे पैसे मोजतो, दोन महिन्यांची अनामत ठेवतो, पहिले सहा महिने सोडता येत नाही, त्यानंतर एका महिन्याच्या सूचनेवर बाहेर पडता येते. कंपनीच्या दृष्टीने ही गोष्ट फसली तरी फार काही बुडणार नव्हते, आणि मला वाटते, होकार मुख्यतः त्यामुळेच मिळाला.

ही कल्पना आपल्याला महासाथीने दिली असे वाटते खरे, पण ती बरीच जुनी आहे. १९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये जॅक नाइल्स नावाच्या अभियंत्याने एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. शहराच्या मध्यभागी रोज मोटारीने येण्याऐवजी त्या लोकांनी आपापल्या घराजवळच्या लहान कचेऱ्यांत जायचे आणि काम तारेवरून मुख्य संगणकाकडे पाठवायचे, अशी ती योजना होती. 'टेलिकम्यूटिंग' हा शब्द त्यानेच रूढ केला. पुढे त्या शब्दाचा अर्थ घरी बसून काम करणे असा होऊन गेला, पण मूळ योजनेत कर्मचारी घराबाहेर पडत होता, चार सहकाऱ्यांशेजारी बसत होता आणि संध्याकाळी कचेरीचे दार मागे ओढून घरी जात होता. को-वर्किंगचा उगम अगदी वेगळा आहे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या संगणक अभियंत्याने एकट्याने काम करणाऱ्यांना बसायला सोबत मिळावी म्हणून ती सुरू केली. नाइल्सच्या मनात एका संस्थेतली विखुरलेली माणसे होती आणि न्यूबर्गच्या मनात संस्थाच नसलेली. आमची काचेची खोली या दोन्ही गरजांच्या मधोमध उभी आहे. आमचे कामही योगायोगाने विम्याचेच, रुग्णालयांची बिले तपासून दावे मंजूर करणाऱ्या प्रणालीचे आहे, त्यामुळे नाइल्सबद्दल प्रथम वाचले तेव्हा मला ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले.

जागा निवडताना आम्ही तीन ठिकाणे पाहिली. पहिली गेंडा सर्कलजवळची जागा देखणी होती, भिंतीवर रोपे, झोपाळे, मोठ्या खिडक्या, पण तिथे एकाही खोलीला छतापर्यंत भिंत नव्हती. आमच्या पडद्यावर अनोळखी माणसांचे आजार उघडे असतात. कोणाला कसली शस्त्रक्रिया झाली हे शेजारून कॉफी घेऊन जाणाऱ्याला दिसता कामा नये. दुसऱ्या ठिकाणी भाडे कमी होते, पण इंटरनेटची एकच लाइन होती, आणि ती गेली तर काय करता, या प्रश्नाला 'जात नाही, बेन' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी होत्या, जनरेटर होता, दार लागणारी खोली होती, आणि आमच्यासाठी पाहुण्यांच्या वाय-फायपासून वेगळे नेटवर्क काढून द्यायला ते तयार होते. तरीही आम्ही एका दिवसाचे सहा पास काढले आणि सोमवारी सकाळी दहा वाजता, म्हणजे गर्दीच्या वेळी, तिथे बसून नेहमीचे काम करून पाहिले. फोनवर बोलण्याच्या खोक्यात पंखा नाही आणि दहा मिनिटांत घाम फुटतो, हे त्याच दिवशी कळले. कराराच्या आधी आम्ही तो पंखा मागून घेतला. जागा पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, की फेरफटका मारून ठरवू नका, पूर्ण दिवस काम करून पाहा.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. टेबलामागे महिना ७,००० रुपये, म्हणजे सहांचे ४२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,५६०. आम्ही टिपणात लिहिले होते, की हा कर कंपनीला वजा करून मिळेल. तो मिळत नाही. स्थावर जागेशी निगडित सेवेचा कर ती जागा ज्या राज्यात असेल तिथला लागतो, त्यामुळे बिलावर गुजरातचा कर आला, आणि कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असल्याने तो तिथल्या करातून वळता करता येईना. गुजरातेत वेगळी नोंदणी करायची की दर महिन्याला ७,५६० रुपये सोडून द्यायचे, यावर पुण्यात तीन बैठका झाल्या. शेवटी नोंदणी झाली, आणि त्या कागदावर मुख्य व्यवसायस्थान म्हणून अलकापुरीचा पत्ता आला. पुढच्या पगारपत्रकात व्यवसायकराच्या ओळीतही महाराष्ट्राच्या जागी गुजरात दिसू लागले. साडेतीन वर्षे आम्ही पुण्याच्या पत्त्यावरची, पण पुण्यात नसलेली माणसे होतो. त्या दोन ओळींनी आम्ही जिथे होतो तिथले झालो. मी ते पगारपत्रक छापून सासऱ्यांना दाखवले. त्यांची सारी नोकरी बँकेच्या शाखांमधून झालेली असल्यामुळे त्यांना पुढचे काही समजावून सांगावे लागले नाही. ते एवढेच म्हणाले, की आता तुमची शाखा झाली.

कंपनीच्या कागदांत मात्र तिला 'सॅटेलाइट ऑफिस' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. उपग्रह दुरून फिरत राहतो, त्याला मुळातून काही पोचत नाही. शाखेला पोचते.

नोव्हेंबर २०२३ पासून आम्ही तिथे बसू लागलो, आणि पहिल्या महिन्यात ज्या गोष्टी बदलल्या त्या अगदी लहान होत्या. सकाळी दांडिया बाजारातून निघून काळ्या घोड्याजवळ विश्वामित्रीचा पूल ओलांडायचा, अलकापुरीच्या गरनाळ्यातून रेल्वेखालून पलीकडे जायचे, या वीस मिनिटांत घर मागे पडते आणि काम डोक्यात यायला लागते. घरून काम करताना ही वीस मिनिटे वाचली असे मी मानत होते, प्रत्यक्षात ती हरवलेली होती. मंगळवारी दुपारी आम्ही सगळे मिळून सेव-उसळ मागवतो. बडोद्याच्या या पदार्थात आपल्या उसळीवर गुजरातची शेव पडलेली आहे, आणि आमच्या गटाची घडणही काहीशी तशीच आहे. पाचजण घरी मराठी बोलतात, चारजण गुजराती, आणि चर्चा रंगली की एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात. पुण्याच्या कॉलवर आम्ही सारे इंग्रजीत बोलतो आणि त्यात जपून बोलतो. इथे चुकीचा प्रश्न विचारायलाही कोणाला संकोच वाटत नाही.

पादऱ्याच्या त्या मुलीत झालेला बदल मी रोज जवळून पाहिला. ती माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर बसते. एका दुपारी मी एका रुग्णालयाच्या माणसाशी फोनवर बोलत होते. त्याने एकच बिल दोनदा पाठवले होते आणि तो ते मानत नव्हता. मी त्याला तारखा विचारत, त्याच्याच तोंडून चूक वदवत, दहा मिनिटांनी मोकळी झाले. फोन ठेवल्यावर पाहिले, तर तिने आपले काम थांबवून वहीत काहीतरी लिहून घेतले होते. मी विचारलेले प्रश्न तिने क्रमाने उतरवले होते : दाखल केव्हा केले, सोडले केव्हा, बिलावर सही कोणाची, तुमच्या वहीत नोंद किती वाजताची. त्या प्रश्नांना असा काही क्रम आहे हे मला स्वतःलाही माहीत नव्हते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सही आधी विचारली असती तर तो चिडला असता." साडेतीन वर्षे मी दर पंधरवड्याला तिच्यासाठी शिकवणीचा एक तास ठेवत होते, पडद्यावर तक्ते दाखवत होते. त्या सगळ्या तासांत हे तिला कधी सांगितले गेले नव्हते, कारण आपल्याला जे येते त्यातले पुष्कळ आपण सांगू शकत नाही. शेजारी बसणाऱ्याने ते उचलायचे असते.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या जन्माष्टमीला, पावसाने बडोद्याला झोडपले. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट आहे, त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेले, आणि नदीतल्या मगरी वस्त्यांमधून दिसू लागल्या. दोन दिवस आमच्यापैकी कोणीही काम करू शकले नाही. पाणी ओसरल्यावर नऊपैकी चौघांच्या घरी वीज नव्हती. अलकापुरीच्या इमारतीत जनरेटर चालू होता, म्हणून ते चौघे खोलीत आले, आणि येताना घरच्यांचे फोन आणि बॅटऱ्या पिशवीत भरून घेऊन आले. समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले होते. त्याने आईच्या तपासण्यांचे ओले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणले आणि सहाव्या टेबलावर एकेक सुटा करून वाळत घातला. काही कागदांची शाई पसरली होती, आणि त्यातल्या एका अहवालावरचे आकडे वाचून आम्ही तिघांनी ते नव्या कागदावर लिहून काढले. ते टेबल तीन दिवस तसेच कागदांनी झाकलेले होते. त्या आठवड्यात पुण्याच्या गटाने आमचे सगळे काम न सांगता स्वतःकडे घेतले, हेही इथे लिहायला हवे, कारण पुढे मी त्यांच्याविषयी तक्रार करणार आहे आणि ती माणसे वाईट नाहीत.

तक्रार अशी आहे. पुरानंतरच्या पंधरवड्यात एका ग्राहकासाठी करायच्या बदलाची तारीख आठ दिवस अलीकडे आणली गेली. हा निर्णय पुण्यात सोमवारी दुपारी जेवणानंतर झाला. त्यासाठी बैठक बोलावली नव्हती, कॉल लावला नव्हता, चौघे चहाच्या यंत्रापाशी उभे होते आणि बोलता बोलता ठरले. तिथे असलेल्या प्रत्येकाला वाटले, की बडोद्याला दुसऱ्या कोणीतरी कळवले असेल. आम्हाला ते शुक्रवारी सकाळी कळले, तेही ग्राहकाकडून. आमचे दोघेजण चार दिवस जुन्या तारखेच्या हिशेबाने काम करत होते आणि त्यांच्या शनिवार-रविवारावर पाणी पडले. हे पहिल्यांदाच घडत नव्हते. दर बुधवारच्या बैठकीत पुण्यातले आठ-दहाजण एका लांब टेबलाभोवती बसत, टेबलाच्या मधोमध एक मायक्रोफोन असे, आणि आम्हाला जवळच्या दोघांचे बोलणे आणि लांबच्यांचे हसणे ऐकू येई. कोणी कशावर हसले हे विचारणे बरे दिसत नाही. आम्ही गप्प राहत असू, आणि पुढे वार्षिक मूल्यमापनात आमच्यापैकी तिघांच्या नावापुढे 'चर्चेत कमी सहभाग' असे लिहून आले.

एमआयटीतल्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांचा अभ्यास करून दाखवले होते, की दोन माणसांच्या बसण्याच्या जागांत अंतर वाढले की त्यांच्यातले कामाचे बोलणे झपाट्याने उतरते, आणि साधारण पन्नास मीटरच्या पुढे ते इतके कमी होते, की मग माणूस दुसऱ्या इमारतीत असला काय आणि दुसऱ्या गावात असला काय, फारसा फरक उरत नाही. फोन आणि संगणक आल्यावर हे बदलेल असे वाटले होते. परंतु ज्यांच्याशी माणूस समोरासमोर जास्त बोलतो त्यांनाच तो फोनही जास्त करतो, असे त्यांना पुढे आढळले. हे वाचून मला एक प्रकारे बरे वाटले. आम्हाला कोणी मुद्दाम टाळत नव्हते. पण त्यातून हेही कळले, की नुसती खोली घेऊन आम्ही अर्धाच प्रश्न सोडवला आहे. नऊजण एकमेकांपासून पन्नास मीटरच्या आत आले होते, पुणे मात्र होते तिथेच होते.

हे मी घरी जेवताना बोलले, तेव्हा सासूबाईंना त्यांच्या वडिलांची आठवण झाली. ते डभोईच्या बाजूला एका खेड्यात गायकवाडी शाळेत मास्तर होते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, हे बडोद्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. मांडवीजवळचे काचेच्या फरशीचे मजले असलेले मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे. त्या व्यवस्थेत खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेटीत पुस्तके भरून ती गावी पाठवत, गावकऱ्यांनी ती वाचायची, मग पेटी परत जायची आणि दुसरी यायची. सासूबाईंच्या वडिलांकडे शाळेत ही पेटी नॅरोगेजच्या गाडीने येत असे. मला एवढे माहीत होते. सासूबाईंनी जे सांगितले ते नवीन होते. पेटी परत पाठवताना त्यांचे वडील तिच्यात एक चिठ्ठी ठेवत : गावात शेळ्यांना रोग आला आहे, त्यावर काही पुस्तक असेल तर पाठवावे, बायकांना ओव्यांची पुस्तके हवी आहेत, अमुक पुस्तक तीनदा आले, कोणी उघडत नाही. "आणि पुढच्या पेटीत ते यायचं," सासूबाई म्हणाल्या. "नाना म्हणायचे, पेटी आली याचं काही नाही. चिठ्ठी वाचली याचं आहे."

त्या रात्री मी पुण्याच्या आमच्या विभागप्रमुखांना पत्र लिहिले. त्यात तारखेबद्दलची तक्रार दोन ओळींत होती. बाकी पत्रात मी त्यांना आमंत्रण दिले, की एक आठवडा इथे येऊन बसा, पाहणीला म्हणून येऊ नका, तुमचे रोजचे काम इथून करा, तुमच्यासाठी टेबल आहे. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात ते आले. सोमवारी त्यांनी बॅग सहाव्या टेबलाखाली ठेवली, चार्जर लावला आणि कामाला लागले. मंगळवारी आमच्याबरोबर सेव-उसळ खाल्ली आणि तर्री जास्त मागून घेतली.

बुधवारी साडेअकराला नेहमीची बैठक सुरू झाली. सरांसह आम्ही सहाजण खोलीत आपापल्या टेबलावर, बाकीचे घरून, कानांत हेडफोन. पडद्यावर पुण्याची लांब खोली. पहिली पाच मिनिटे सर काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे तिरप्या नजरेने पाहत होते. त्यांनी आवाज वाढवला, मग हेडफोन काढून पुन्हा घातला, मग पडद्याच्या जवळ वाकले. पुण्यातले कोणीतरी काहीतरी म्हणाले आणि खोली हसली. सरांनी वळून मला विचारले, "काय म्हणाले ते?" मी म्हटले, "आम्हालाही कळत नाही, सर." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी माइक चालू केला आणि पुण्याला सांगितले, की बैठक दहा मिनिटे थांबवा, प्रत्येकाने आपापल्या जागेवर जाऊन स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडून घ्या. दहा मिनिटांनी पडद्यावर सगळे सारख्या आकाराच्या चौकोनांत दिसू लागले, आणि पादऱ्याची मुलगी त्या बैठकीत दोनदा बोलली.

तेव्हापासून एकजण जरी दुरून जोडलेला असला तर सर्वांनी वेगवेगळे जोडायचे, हा नियम झाला. उभ्या उभ्या ठरलेली कोणतीही गोष्ट लिहून सर्वांना दिसेल अशा ठिकाणी येईपर्यंत ठरली असे धरायचे नाही, हा दुसरा. तो पहिल्यापेक्षा पाळायला अवघड आहे आणि अजूनही अधूनमधून मोडतो. पण मोडला की आता पुण्याचेच कोणीतरी आठवण करून देते, आणि ते बहुतेक वेळा बडोद्याला येऊन गेलेल्यांपैकी असते. दर महिन्याला एकजण आठवडाभर इथे येतो. कंपनीला त्यासाठी प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च पडतो, आणि तो सहाव्या टेबलाच्या भाड्याहून पुष्कळ जास्त आहे. तो सर्वांत आधी छाटला जाईल अशी मला भीती वाटते, म्हणून दर तिमाहीच्या अहवालात मी त्याविषयी सविस्तर लिहिते. आपल्या माणसांसाठी दुसऱ्या गावात जागा घेणारे पुष्कळजण मला भाड्याबद्दल विचारतात. मी त्यांना विचारते, की मुख्य ऑफिसातून तिथे येऊन कोण बसणार आहे आणि किती वेळा. याचे उत्तर तयार नसेल तर त्यांनी अजून थांबावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दारावर आता अ‍ॅक्रिलिकची पाटी आहे. जुना कागद मी टाकला नाही, तो माझ्या खणात आहे, कोपऱ्यांवर सगळ्यांच्या अंगठ्यांचे डाग आहेत. सरांचा चार्जर सहाव्या टेबलाच्या खणात राहिला होता. पाठवून देऊ का, असे विचारल्यावर ते म्हणाले, तिथेच राहू द्या. पुढच्या सोमवारी पुण्याहून एकाऐवजी दोघे येणार आहेत. मंगळवारी आम्ही अकराजण होऊ, तेव्हा पाच पास लागतील. मी ते आजच सांगून ठेवले आहेत.